तुळईवरची शेपटी

मी एक शेपटी बोलतेय. हरणाची नव्हे, शर्टाची. हसलात ना? हसा खुशाल. मला सवय आहे. या घरात माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत, तुळईला ओळीनं ठोकलेल्या, आणि आत येणारा प्रत्येक जण मान वर करून आधी हसतोच. मग एकेकीवरचं नाव वाचतो आणि आणखी हसतो.

पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेला, डोंगरांच्या एका खोऱ्यात हे ओंडक्यांचं घर आहे. दारावर ‘रिकामी किटली’ अशी पाटी. शिकारीच्या दिवसांत ते माणसांचं, एरवी उंदरांचं. इथला कायदा असा, की हरणावर टाकलेला बार ज्याचा फुकट गेला, त्याच्या शर्टाचा मागचा लोंबता भाग कात्रीनं कापायचा. त्यावर त्याचं नाव लिहायचं, पुढे ‘चुकला’ लिहायचं आणि तुळईला खिळा ठोकायचा. सरकारचे नियम मोडणारे, वाकवणारे, त्यांना नावं ठेवणारे मी भरपूर पाहिले. हा एक नियम मात्र कुणी मोडलेला मला आठवत नाही.

माझा जन्म लोकरीच्या गिरणीतला. लाल-काळ्या चौकड्यांचा जाडजूड तागा, त्यातून बेतलेला शर्ट. वाकल्यावर माणसाच्या कमरेला वारा लागू नये म्हणून शर्टाचा मागचा भाग मुद्दाम लांब ठेवतात. तीच मी. म्हणजे कुणाची तरी पाठ झाकणं हेच माझ्या नशिबी लिहिलेलं. एल्ना केस्लरनं तो शर्ट नवऱ्यासाठी, ऑरिनसाठी घेतला. ऑरिन हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या गाडीवर काम करायचा. उंच, हाडापेरानं मोठा, बोलणं कमी आणि ठाम.

कॉलरला वारा मिळायचा, खिशाला तंबाखूचा वास मिळायचा, बाह्या चारचौघांत मिरवायच्या. माझ्या वाट्याला काय? पँटच्या आतला अंधार. ऑरिन ओंडक्यावर दबा धरून बसला, की ओंडका आणि ऑरिन यांच्यामध्ये मी. जग बघायची मला फार हौस होती, पण माझ्यासारखीला जग दाखवतो कोण?

संध्याकाळी मात्र माझी चंगळ असायची. घामेजलेला शर्ट काढून ऑरिन शेगडीमागच्या खुंटीला टांगायचा आणि मग मी मनसोक्त बघून घ्यायचे. शेगडीवर बकव्हीटच्या पिठाची धिरडी पडायची, टेबलावर बीटात मुरवलेली जांभळी अंडी यायची, पत्त्यांवरून हमरीतुमरी व्हायची. खुंटीसमोर एक बुटकी खिडकी होती. तिच्यातून थेट खालच्या ओढ्यापर्यंत दिसायचं. मध्ये झुडूप नाही, रोप नाही, नुसते नेचे आणि त्यांच्यातून सरळ वर गेलेले म्हातारे हेमलॉक वृक्ष.

“बघ ड्यूई,” ऑरिन अभिमानानं म्हणायचा, “झाडून काढल्यासारखं जंगल आहे. हरीण ओढ्यापलीकडे शिंकलं तरी इथून दिसेल.”

ड्यूई म्हणजे ऑरिनचा लहानपणापासूनचा मित्र, गावातला एकुलता एक न्हावी. बुटका, गोल, तोंडाचा पट्टा अखंड चालू. हे घर दोघांनी मिळून बांधलेलं. ड्यूई दाढी करताना जितका अचूक, तितका बंदूक हातात आली की आंधळा. तुळईवर त्याच्या शेपट्या इतक्या, की त्याच्या बायकोनं त्याला नवे शर्ट घेणंच सोडलं होतं. ऑरिनची मात्र एकही नव्हती. तो कधी चुकलाच नव्हता. दर वर्षी पहिल्या दिवशी ड्यूई दाराजवळच्या खिळ्यावरची कात्री काढायचा आणि माझ्यामागे येऊन हवेत कचकच वाजवायचा.

“काय ऑरिन, या वर्षी देतोस ना?”

“ज्या दिवशी चुकेन त्या दिवशी स्वतः येऊन देईन. आणि कापायची तूच. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.”

“लेका, म्हातारा होईन मी वाट बघून.”

“मग हो.”

आता त्या परवान्यांबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यावरूनच घडलं.

शिंगवाला नर मारायची मुभा सगळ्यांनाच होती. मादी मारायची तर मात्र वेगळा परवाना लागायचा, आणि कुठल्या भागात असे किती परवाने द्यायचे ते शिकार-खातं दर वर्षी ठरवायचं. हरणं वाढली की जास्त, घटली की कमी. ऑरिन ते परवाने स्वतःसाठी मागवायचा, एल्नासाठी मागवायचा, मुलगी व्हर्ना मोठी झाल्यावर तिच्या नावानं मागवायचा. सासूच्या नावानंसुद्धा, जिनं आयुष्यात उंदराला काठी मारली नव्हती. आणि पहिल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर शेगडीचं झाकण उघडून एकेक आत टाकायचा.

“एक कागद जाळला, की एक मादी वाचली,” तो म्हणायचा. बाकीचेही खिशातून आपापले काढून द्यायचे. या खोऱ्यात तो जणू सणाचाच भाग होता.

ऑरिन काही दुष्ट नव्हता. अडाणीही नव्हता. त्याच्या आजाच्या काळात लाकूडवाल्यांनी हे डोंगर बोडके केले होते आणि हरीण औषधालाही उरलं नव्हतं. मग कुठून कुठून हरणं आणली, रेल्वेच्या डब्यांतून, खोक्यांत घालून. ऑरिनचा बाप तेव्हा पोरगा होता. खोक्याचं दार वर उचलणाऱ्यांत तोही होता. एक मादी बाहेर आली, थबकली, तिनं वळून त्याच्याकडे बघितलं आणि ती डोंगरात गेली, हे बापानं ऑरिनला इतक्यांदा सांगितलेलं, की ऑरिनला ते स्वतःच पाहिल्यासारखं वाटायचं. ‘मादी म्हणजे बियाणं. बियाणं खायचं नसतं.’ बापाचं हे बोलणं त्यानं गाठीला बांधलं होतं.

ड्यूईही कागद द्यायचा. मग एका वर्षी त्यानं दिला नाही.

“विसरलास काय?” ऑरिननं विचारलं.

“नाही. ठेवलाय.” नेहमी वटवट करणारा ड्यूई त्या संध्याकाळी तेवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी तो घसरगाडीवर मादी ओढत आला. घरासमोर दोन खांबांवर आडवी दांडी होती, हरणं टांगायची. ऑरिन पायरीवर उभा होता. मी त्याच्या पाठीशीच होते, सगळं ऐकलं.

“हे काय?”

“हरीण. चष्मा लागलाय का तुला?”

“शिंगं कुठायत?”

“शिंगं नाहीत. परवाना आहे खिशात. कायद्यानं मारलीय.”

“कायदा गेला खड्ड्यात. या दांडीवर मादी टांगायची नाही.”

“दांडी काय तुझ्या एकट्याची आहे? खांबांचे खड्डे मी खणलेत.”

“मग तुझे खड्डे घेऊन जा.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

“ऑरिन,” ड्यूई आवाज खाली आणून म्हणाला, “बर्फ वितळताना मी ओढ्याला गेलो होतो. बरगड्या वर आलेली हरणं पडली होती, एकमेकांना चिकटून. तू त्यांना गोळीपासून वाचवतोस रे, पण खायला काय घालणार? या जंगलात एक पोरगं झाड दाखव मला. माझ्या गुडघ्याला लागेल एवढं एक दाखव. कोंब फुटला की ती खातात, कारण दुसरं काही उरलंच नाहीये. नेचे तेवढे राहिलेत, कारण ते त्यांना आवडत नाहीत. एक रोप दाखव, मी पुन्हा मादीला हात लावणार नाही.”

“माझ्या बापानं यांना खोक्यातून सोडलंय. तू मला शिकवू नकोस, न्हाव्या.”

न्हाव्या! इतक्या वर्षांत ऑरिननं त्याला ड्यूईशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. ड्यूईनं मादी पुन्हा घसरगाडीवर घातली आणि तो निघून गेला. त्याची कॉफी टेबलावर तशीच होती. कात्री खिळ्यावर तशीच होती. ऑरिननं हाक मारली नाही, पण घसरगाडीचा आवाज विरेपर्यंत तो पायरीवरून हललाही नाही.

गावात दुसरा न्हावी नव्हता. ऑरिन ड्यूईच्या दुकानात पाऊल ठेवीना, तेव्हा त्याचे केस व्हर्ना कापायला लागली. व्हर्ना शाळेची बस चालवायची. बस उत्तम चालवायची. केस कापायचं मात्र तिच्या बसचं काम नव्हतं. ऑरिन टोपी काढायला लाजू लागला.

पुढे एल्ना वारली. आमच्या या शिकारीच्या कॅम्पमधली माणसं एकेक करून गळाली. हरणं कमी दिसायला लागली होती आणि दिसायची ती हडकुळी, शिंगं म्हणजे दोन काड्या. “बघायला काय यायचं, नेचे?” असं म्हणत लोक दुसऱ्या खोऱ्यांत जायला लागले. ऑरिन म्हणायचा, खात्यानं माद्या मारू दिल्या म्हणून हे दिवस आले. असं म्हणत तो आणखी कागद जाळायचा. शेवटी घरात फक्त तो आणि व्हर्ना उरले, टेबलाभोवती रिकाम्या खुर्च्या आणि शेगडीमागे खुंटीवर मी.

ड्यूईनं दरम्यान खोऱ्याच्या वरच्या अंगाची जमीन विकत घेतली होती आणि तिच्यातल्या एका तुकड्याला उंच तारेचं कुंपण घातलं होतं, हरीण उडी मारून आत जाणार नाही इतकं उंच.

“न्हाव्यानं जंगलाच्या गळ्याभोवती फडकं बांधलंय,” ऑरिन म्हणाला. “आता हजामत कधी करतो ते बघू.”

व्हर्ना हसली नाही.

त्यानंतरच्या एका वसंतात बापलेक छपराची गळती बघायला आले. उन्हं होती, काम वाकण्या-चढण्याचं, म्हणून ऑरिननं शर्ट पँटच्या बाहेर काढला होता. मी वाऱ्यावर मोकळी, काय सांगू माझा आनंद! तो फार टिकला नाही. ओसरीच्या फळ्यांखालून वास येत होता. व्हर्नानं वाकून बघितलं.

“बाबा, हरीण आहे. मेलंय. आडोशाला आलं असेल बिचारं.”

“बाजूला सरक, मी काढतो.”

“थांबा, एकट्याला नाही ओढवणार तुम्हाला. मी पाय धरते.”

“कशाला? याच्यात वजनच नाहीये.”

त्यानं ते हरीण एका हातानं बाहेर काढलं. सत्तरीच्या म्हाताऱ्यानं, एका हातानं. मादी होती. कातड्याखाली हाडांशिवाय काही नव्हतं, फक्त पोट तेवढं पुढे आलेलं. पोटात पिल्लं होती. ऑरिननं तिला गवतावर ठेवलं आणि तो तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला.

“हिला मीच वाचवलं होतं, व्हर्ना,” तो म्हणाला.

व्हर्नानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “चला, पुरूया तिला.”

पुरून झाल्यावर तो छपराकडे गेलाच नाही. थेट चढ चढायला लागला, ड्यूईच्या कुंपणाकडे. व्हर्ना मागोमाग. आणि त्या दिवशी मीही पाहिलं. तारेच्या अलीकडे आमचे नेहमीचे नेचे, मुकाट. तारेच्या पलीकडे मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. ब्लॅकबेरीची जाळी, कोवळे मेपल, भूर्जाची काटकुळी रोपं, तीन पाकळ्यांची पांढरी फुलं, जी ऑरिननं आईच्या हातात पाहिली होती आणि मग कधीच नाही. या सगळ्याच्या सावलीत हेमलॉकची रोपं होती, तळहाताएवढी.

ऑरिननं तारेतून बोट घालून एका रोपाच्या शेंड्याला हात लावला. मग आपला गुडघा तारेला टेकवला आणि पलीकडच्या मेपलशी ताडून बघितला. मेपल गुडघ्याच्या वर होता.

“ड्यूईकाकांकडे जाऊया?” व्हर्नानं हळूच विचारलं.

“कशाला?”

“केस कापायला.”

“नको,” तो म्हणाला आणि टोपी खाली ओढून उतरायला लागला. बर्फात अडकलेल्या गाड्या ज्यानं जन्मभर ओढून काढल्या, त्याला स्वतःला काही बाहेर निघता येईना. मला त्याचा राग आला. खरंच सांगते, कापड नसते तर बोलले असते.

त्या वर्षी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या रविवारी संध्याकाळी ऑरिननं शेगडीसमोर खुर्ची घेतली. दुसऱ्या दिवशीचा सोमवार म्हणजे शिकारीचा पहिला दिवस. आमच्याकडे त्या दिवशी शाळांनाही सुट्टी, त्यामुळे व्हर्नाची बस उभी होती. ऑरिननं परवाने काढले, झाकण उघडलं. आग लालभडक होती. तो नुसता बसून राहिला.

“शेगडी थंड पडतेय, बाबा.”

“मग लाकूड घाल,” ऑरिन म्हणाला. एक परवाना त्यानं तिच्या हातात दिला, एक स्वतःच्या खिशात घातला आणि झाकण लावलं.

सकाळी व्हर्ना डोंगराच्या धारेपलीकडे गेली आणि तो ओढ्याकडे. बर्फ भुरभुरत होता. आमचा ठरलेला ओंडका, वर ऑरिन, मध्ये मी. मला दिसत काहीच नव्हतं, पण त्याच्या अंगावरून मला सगळं समजतं. त्याचा श्वास थांबला म्हणजे हरीण आलं. कंबर ताठ झाली म्हणजे बंदूक खांद्याला लागली. दर वेळी त्यानंतर तो दगडासारखा स्थिर व्हायचा. त्या दिवशी झाला नाही. कमरेतून थरथर उठली आणि माझ्या शिवणीपर्यंत आली.

बार झाला.

तो उठला, चालत गेला. पाऊल टाकायचा, थांबायचा, पुन्हा टाकायचा. बर्फातल्या मागावरून तो ओढ्यापर्यंत गेला, पलीकडेही गेला.

“रक्त नाही,” तो पुटपुटला. “केसही नाही. धडधाकट गेली.”

ऑरिन केस्लर चुकला होता. आणि ते कुणालाही ठाऊक नव्हतं. मला आणि त्या मादीला, बस. मनात आणलं असतं तर त्याची सहज सुटका होती. बार कोल्ह्यावर टाकला म्हणायचं, विषय संपला. कॅम्पमध्ये असं म्हणून सुटलेले बरेच आहेत, त्यांची नावं मी सांगणार नाही. ऑरिन ओढ्याकाठी उभा राहिला. मग त्यानं खाली घराकडे जायचं सोडून वरचा चढ धरला.

कुंपणाच्या कोपऱ्यावर ड्यूई बसला होता. थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

“एकच बार ऐकला,” ड्यूई म्हणाला. जणू कालच भेटले होते. “तुझा एक बार म्हणजे एक नर. जा, ओढून ने. मी मदत नाही करणार, पाठ धरलीय माझी.”

“चुकलो,” ऑरिन म्हणाला.

“काय?”

“बहिरा झालास का? चुकलो म्हणतोय.”

ड्यूई गप्प. ड्यूई गप्प बसणं म्हणजे काय, ते त्याच्या गिऱ्हाइकांना विचारा.

“कशावर?”

“मादीवर. परवाना होता. जाळला नाही.”

“मादीवर चुकलास?”

“मादीवर चुकलो,” ऑरिन म्हणाला. “मादीबद्दलही चुकलो. तुझ्याबद्दलही. तुझं रोप मी बघून गेलोय, गुडघ्याच्या वर आहे. आता कात्री आणतोस की इथंच मला उघडं करणारेस?”

ड्यूईनं कॉफी बर्फात ओतली, की हातातून सांडली, कोण जाणे. तो उठला, ऑरिनजवळ आला आणि त्यानं ऑरिनची टोपी काढली.

“अरे देवा,” तो म्हणाला. “हे कुणी केलं? साळिंदरानं कुरतडलेत का?”

“व्हर्नानं.”

“पोरगी गुणी आहे. कात्रीपासून लांब ठेव.”

आणि मग दोन म्हातारे एकमेकांना धरून हसायला लागले, आणि त्या हसण्यात दुसरंही काही होतं. माझ्यावर उष्ण काही पडलं नाही, मी आतच होते. पण ऑरिनची पाठ हलत होती, ते मला पुरेसं होतं.

कात्री त्याच खिळ्यावर होती. गंजली होती. ड्यूईनं तिला बंदुकीचं तेल दिलं आणि व्हर्नाला दिवा जवळ धरायला लावला. ऑरिन पाठमोरा उभा राहिला. दुखलं का, असं विचाराल. नाही. इतकी वर्षं ज्याची पाठ झाकली त्याच्यापासून तुटताना वाईट वाटलं, पण ज्या हातांनी कापलं ते इतके हळुवार होते, की वाटलं मला कापतायत कुठे, कुणाची तरी गाठ सोडवतायत. मग ड्यूईनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याच कात्रीनं त्याचे केस नीट केले.

“लिही,” ड्यूईनं पेन व्हर्नाकडे केलं. “ऑरिन केस्लर. चुकला. मोठ्या अक्षरात.”

“इकडे आण,” ऑरिन म्हणाला. इथला रिवाज असा, की ते दुसऱ्यानं लिहायचं. ऑरिननं स्वतः लिहिलं. नाव लिहिलं नाहीच. माझ्यावर आडवा एकच शब्द आहे: ‘चुकलो’. बाकी सगळ्या शेपट्यांवर ‘चुकला’ आहे, माझ्या एकटीवर ‘चुकलो’. नवीन माणसं मला वाचून म्हणतात, लिहिणाऱ्याची गडबड झाली वाटतं. जुनी माणसं काही बोलत नाहीत.

अशी मी तुळईवर आले. अंधारातून थेट उजेडात, आणि समोर खिडकी.

पुढच्या वर्षी गावात अग्निशमनवाल्यांच्या सभागृहात कोंबडीचं जेवण होतं. तिथे कुणीतरी परवाने गोळा करायला टोपी फिरवली, जाळण्यासाठी. टोपी ऑरिनपुढे आली तेव्हा तो उभा राहिला. व्हर्नानं इथे येऊन त्याचं बोलणं जसंच्या तसं करून दाखवलं. “जाळायचे तर जाळा,” तो म्हणाला होता. “मीही खूप जाळलेत. फक्त वसंतात माझ्याकडे या, मेलेली उचलायला. हलकी असतात, पाठ नाही दुखायची.” कुणी रागावलं, कुणी जेवण अर्धं टाकून गेलं. पण टोपी बरीचशी रिकामी परतली.

सगळं एकदम सुधारलं असं नाही. काही वर्षं हरणं इतकी कमी झाली, की लोकांनी ऑरिनला तोंडावर शिव्या दिल्या. मग खोरं हळूहळू भरायला लागलं. हरणं आता पूर्वीइतकी नाहीत, पण आहेत ती गुटगुटीत आहेत. कातडी चमकते, नराच्या शिंगांना फाटे असतात. दांडीवर नरही टांगतात, मादीही. खुर्च्या पुन्हा भरल्या. खातं दर वर्षी परवाने कमी-जास्त करतं, आणि व्हर्ना दर वर्षी त्यावरून भांडते. “गेला हिवाळा कडक होता, यंदा कमीच हवे होते,” किंवा “ओढ्याकाठी पुन्हा कुरतडलंय, वाढवा म्हणावं.” शेगडीत लाकूड कधी घालायचं आणि कधी काढायचं याकडे जसं सतत बघावं लागतं, तसंच हे आहे असं ती म्हणते. ड्यूईनं आपल्या कुंपणाची तार स्वतःच्या हातानं गुंडाळली. म्हणाला, “फडकं काढलं. गिऱ्हाइकानं आता बाहेर जावं.”

ड्यूई गेला, त्याला फार दिवस नाही झाले. त्याची कात्री माझ्या शेजारच्या खिळ्यावर आहे. ऑरिनचे केस पुन्हा व्हर्ना कापते, आणि तो आता टोपी घालत नाही. कुणी हसलं तर म्हणतो, “ड्यूईला दाखवायचेत, राहू देत असेच.”

मीही जुनी झालेय. कडेचे धागे उंदरांनी नेलेत, त्यांच्या पिल्लांना ऊब लागते, असू दे. कसर मधूनमधून माझी चव बघते. माझं मागणं एवढंच आहे, की मला कुणी धुऊ नका आणि काढू नका. नवा माणूस येईल, मान वर करील, हसेल. हसू द्या. मग त्याला माझ्यावरचा शब्द मोठ्यानं वाचायला लावा. तो शब्द म्हणायला जिभेला किती जड जातो, ते म्हटल्याशिवाय कळत नाही.

आणि एक शेवटचं. जग बघायची मला किती हौस, हे तुम्हाला सांगितलंच. तुळईवर आले तेव्हा खिडकीतून ओढ्यापर्यंत सगळं दिसायचं. मग काचेच्या खालच्या कडेशी एक हिरवा शेंडा आला. हेमलॉकचा, कुणी न लावलेला. तो वाढला, त्याच्या मागून मेपल आले, भूर्ज आले. गेल्या वर्षी एका पाहुण्यानं खिडकी अडतेय म्हणून कोयता उचलला, तर नव्वदीचा ऑरिन काठी घेऊन उठला आणि म्हणाला, “त्याला हात लावलास तर तुझा शर्ट नाही, कातडं ठोकीन तुळईला.”

आता खिडकीभर हिरवं आहे. ओढा मला नुसता ऐकू येतो. त्याच्याकाठी कोण पाणी पितंय, नर की मादी, काही म्हणजे काही दिसत नाही. फार बरं वाटतं.